शपथ बिडीची घेतली होती

माझ्या डाव्या पायाला अर्धंच पाऊल आहे. कुणी विचारलं की मी सांगतो, ट्रकखालचा जॅक सरकला. माझं पंक्चरचं दुकान, त्यामुळं लोकांना ते लगेच पटतं. "लई वाईट झालं" म्हणतात, चहा पाजतात, आणि मीही तो निवांत पितो. खरं म्हणजे माझ्या दुकानात जॅक कधीच सरकलेला नाही. ते पाऊल तंबाखूपायी गेलं, आणि त्यातलं निम्मं मी खोटं बोललो म्हणून गेलं.

हे लिहून काढा म्हणून डॉक्टर बरीच वर्षं मागं लागले होते. मी टाळत आलो. जखम दाखवायला मला कधी काही वाटलं नाही, पण ती कशी झाली ते सांगायची लाज वाटते. आता हे लिहितानाही वाटतेय, दोनदा कागद फाडून झालाय. ज्याचा पाय दुखतोय, किंवा छाती भरतेय, आणि जो घरात "सोडली" म्हणून सांगून बसलाय, त्याच्यासाठी हे आहे. ज्यांची खरंच सुटली त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

पोटरीतला गोळा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुणे-सोलापूर रस्त्यावर, इंदापूरच्या अलीकडं माझं दुकान. आजोबांपर्यंत आमच्या घरी मेंढरं होती. वडलांनी ती विकून दोन एकर ऊस केला, आणि मी ऊस भावावर सोडून टायरकडं आलो. बिडी मात्र आजोबांच्या काळापासून घरात होती. थंडीत मेंढरांमागं बसायचं म्हणजे बिडी पाहिजेच, असा आमच्याकडं हिशेब. मी चौदाव्या वर्षी पहिली ओढली ती चुलत्यानं दिलेली. पस्तिसाव्या वर्षी दिवसाला दोन बंडलं लागायची.

दुकानापासून समोरच्या हॉटेलात चहाला जायचं म्हणजे दोनशे पावलं. त्यात मधेच डाव्या पोटरीत असा गोळा यायचा, की थांबावंच लागायचं. दोन मिनिटांत तो उतरायचा. लोकांना कळू नये म्हणून मी थांबलो की उभ्या ट्रकच्या टायरांकडं बघत राहायचो. पंक्चरवाला टायर बघतोय, त्यात कुणाला काय वाटणार. असं मी सात-आठ महिने काढले.

मग डाव्या पायाच्या अंगठ्याला पाना लागून जरा खरचटलं आणि ते बरंच होईना. हळद झाली, मलम झालं, कुणी सांगितलेला पाला झाला. अंगठ्याचं टोक निळं पडलं, मग काळं. तेव्हा माझी बायको सुभद्रा हट्टाला पेटली आणि मला बारामतीला घेऊन गेली. तिचा भाऊ जळोचीत राहायचा, त्याच्याकडं पिशव्या टाकल्या आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी घोट्याजवळ बोटं ठेवून नाडी चाचपली. उजव्या पायाला लगेच सापडली. डाव्या पायाला ते बराच वेळ शोधत राहिले. मग माझा हात हातात घेऊन बोटं बघितली. बोटं पिवळी होती.

"बिडी किती?"

मी म्हटलं, चार-पाच. सुभद्रा मागं उभी होती. ती म्हणाली, "दोन बंडलं."

पहिल्याच दिवशी मी असा तोंडावर पडलो. त्यातून शिकलो ते एवढंच, की पुढच्या खेपेला बायकोला बाहेर बसवावं.

डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं. पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्यात, आणि त्या तंबाखूनंच बुजतायत. औषधं देतो, पण तंबाखू बंद केल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. मी विचारलं, कितीपर्यंत आणू? ते म्हणाले, "शून्य. तंबाखू राहील नाहीतर पाय राहील." मला वाटलं, डॉक्टर लोक दोन म्हणायचं असलं की शून्य म्हणतात.

सुभद्रा औषधं आणायला गेली तशी मी दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी जाऊन बिडी पेटवली. पाय जाणार हे कानानं ऐकलं आणि पहिली आठवण बिडीची झाली. तीन काड्या वाया गेल्या.

अंगठा

अंगठा काढावा लागला. वॉर्डात अकरा दिवस होतो. सकाळी आठला ड्रेसिंगची गाडी यायची. तिचं एक चाक कुरकुरायचं. ते कानावर आलं की बोलता बोलता सगळी खोली गप्प व्हायची. चिकटलेली पट्टी ओढताना मोठमोठी माणसं आई आई करायची. एक वयस्कर सिस्टर होती, ती पट्टी आधी सलाईनच्या पाण्यानं भिजवायची आणि तेवढ्या वेळात गावाकडचं काहीबाही विचारत बसायची. ऊस कितव्यांदा तुटला, विहिरीला पाणी किती. पट्टी आपोआप सुटून यायची. बाकीच्यांना घाई असायची, तिलाही असेलच, पण ती थांबायची. तिचं नाव मला कधी कळलं नाही.

त्या अकरा दिवसांत मला एकही बिडी मिळाली नाही, आणि जखम धरायला लागली. हे दोन्ही मी डोळ्यांनी बघितलं होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

घरी आल्यावर आमच्या वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळात सुभद्रानं मला उभं केलं. आमच्यात मोठा शब्द द्यायचा तर बेलभंडारा उचलतात. देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेऊन चारचौघांत बोलायचं. तो मोडला तर घर बसतं, असं मानतात. माझे चुलते तात्या भावकीत वडील. त्यांनी विचारलं, "काय सोडतूस?" मी हातात भंडारा घेऊन म्हणालो, "आजपासनं बिडी वढणार न्हाय." माझे डोळे भरले होते. सुभद्राचेही. त्या वेळी मी खोटं बोलत नव्हतो, एवढं तरी कुणीतरी माझ्या बाजूनं मोजावं.

बावीस दिवस मी पाळलं.

कायदा

तेविसाव्या दिवशी सोलापूरकडचा एक ट्रकवाला आला. मागचं चाक बसलेलं. मी वाकून काम करत होतो, आणि त्यानं सहज आपली पेटवताना माझ्यापुढंही पाकीट धरलं. सिगारेट होती. बिडी असती तर मी घेतलीच नसती, हे मी आजही सांगेन. सिगारेट बघितली आणि डोक्यात आयतं वाक्य आलं, की आपण बिडीचा भंडारा उचललाय, ह्याचा नाही.

बाहेरच्या माणसाला हे हसण्यावारी वाटेल. आमच्यात शपथेचा शब्द मोजून धरतात. जेवढं बोललं तेवढंच बांधलं जातं. माझा एक मावसा भावाशी भांडला आणि "तुझा उंबरा चढणार न्हाय" म्हणून भंडारा उचलून बसला. पुढं दोघांचं गोड झालं. पण मावसा पंधरा वर्षं भावाच्या अंगणात बाजेवर बसून जेवायचा, भर पावसात घोंगडं डोक्यावर घेऊन, पण उंबरा चढला नाही. लोक त्याचं कौतुक करायचे. त्याच मापानं मी माझं मोजलं. बिरोबा माझ्यावर रागावणार नव्हता, कारण माझा शब्द जागच्या जागी होता. डॉक्टर तंबाखू म्हणाले होते, ते मी सोयीनं विसरलो. पायानं भंडारा उचलला नव्हता, त्याला बिडी काय नि सिगारेट काय सारखीच, हे तर डोक्यातच आलं नाही.

पुढच्या महिनाभरात दिवसाला सात-आठ सिगारेटी झाल्या. कॉम्प्रेसरच्या मागं उभं राहून ओढायचो. दुकानात ट्यूबला लावायच्या सोल्युशनचा आणि जळक्या रबराचा इतका वास, की त्यात सिगारेट कुठं जिरायची कळायचं नाही. घरी जाताना बडीशेप खायचो. आणि कुणीही विचारलं तर डोळ्याला डोळा भिडवून म्हणायचो, "बिडीला शिवलो न्हाय." खरंच होतं ते. म्हणून तर आवाज कापायचा नाही.

बैठक

डॉक्टरांनी एक चांगली गोष्ट सुरू केली होती. बारामतीच्या बाजारच्या दिवशी आमच्यासारख्या सगळ्यांना दुपारी एकत्र बोलवायचे. कुणाचा पाय, कुणाची छाती, पण आजाराचं मूळ एकच. व्हरांड्यात सात-आठ जण बसायचो. ते त्याला बैठक म्हणायचे. प्रत्येकानं आपला आठवडा कसा गेला ते सांगायचं आणि दुसऱ्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, असा नियम होता.

त्या बैठकीत मी मोठा माणूस झालो. बेलभंडारा उचलून एका दिवसात बिडी टाकणारा मी एकटाच. नवीन कुणी आलं की डॉक्टर मला सांगायला लावायचे. मी सांगायचो, आणि काय सांगावं, मला ते आवडायला लागलं. अंगठा नसलेला पाय पुढं करून बोलायचो. लोक मान डोलवायचे. नियम असूनसुद्धा मी सल्ले द्यायचो.

तिथं हमीदभाई होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, ट्रक ड्रायव्हर. सोलापूर-पुणे हीच त्यांची लाईन. त्यांना धाप होती, चार पायऱ्या चढले की खांब धरायचे. बैठकीतलं माझं बोलणं ऐकून त्यांनी बिडी टाकली. मला बापू म्हणायचे. "बापूकडं बगून सोडली" असं सगळ्यांना सांगत सुटायचे.

एका दुपारी त्यांचा ट्रक माझ्या दुकानापुढं थांबला. चाकं ठीक होती. ते खाली उतरले, पडलेल्या टायरवर बसले आणि पोरासारखे रडायला लागले. भिगवणला कुणाबरोबर तरी दोन बिड्या ओढल्या होत्या. मी त्याच वेळी कॉम्प्रेसरमागून बाहेर आलेलो, सिगारेट नुकती पायाखाली विझवलेली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, मन घट्ट करा, मी नाही का केलं? त्यांनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. माझ्या बोटांना वास येत असणारच. पण त्यांच्या मनात तशी शंका यायला जागाच नव्हती.

त्या दिवशी ते गेल्यावर मी आणखी एक ओढली. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

सुभद्राचे पाय

पाय परत बिघडला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायला लागलं. डॉक्टर चक्रावले. दर बैठकीनंतर मला आत घेऊन विचारायचे, बिडी? मी म्हणायचो, नाही साहेब. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून त्यांनी दोष औषधाला दिला. गोळ्या बदलल्या, मग पुन्हा बदलल्या, तपासण्यांना पुण्याला पाठवलं. ते बोटही गेलं. मी नाही म्हणत राहिलो आणि तो माणूस माझ्या पायासाठी पुस्तकं धुंडाळत राहिला.

सुभद्राचं वेगळंच चाललं होतं. नवऱ्यानं भंडारा उचललाय, शब्द पाळलाय, तरी देव पाय का नेतो, हे तिला उमजेना. मग तिनं आपल्यातच खोट काढली. मी भंडारा उचलला त्या दिवशी तिचे अडचणीचे दिवस नुकते संपले होते. एक दिवस मोजण्यात चुकला असेल, आपण त्या दिवशी देवळात जायलाच नको होतं, असं तिनं घेतलं. मला हे सांगितलं ते सुद्धा माफी मागितल्यासारखं. आणि माझा पाय बरा होऊन त्यात चप्पल येईपर्यंत आपण अनवाणी राहायचं, असं तिनं बिरोबाला बोलून टाकलं.

तो सगळा उन्हाळा ती अनवाणी चालली. रानात ज्वारीची धसकटं, वस्तीपर्यंतची वाट खडीची, इंदापूरच्या स्टँडवर डांबर तापलेलं. एसटीतून उतरली की एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायची. कऱ्हाटीला तिच्या माहेरी लग्न होतं, तिथंही तशीच गेली. बायकांनी विचारलं तर म्हणाली, नवस हाय.

मी काय केलं? मी म्हणालो, कशाला उगं करतीस. एवढंच. तोंड उघडून सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी चपला घालू शकली असती. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी दुकानात जाऊन ओढायचो.

उन्हाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, अर्धं पाऊल काढावं लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल असं सांगता येत नाही. कदाचित गुडघ्यापर्यंत जावं लागेल, कारण सगळं बंद करूनही आजार पुढं सरकतोय. त्यांना त्याचं कारण समजत नव्हतं. खोलीत ते फक्त मला माहीत होतं.

मला दाखल केलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी जेवणं झाली होती. वॉर्डात पंखा फिरत होता. सुभद्रा माझ्या खाटेजवळ फरशीवर, पदर तोंडावर घेऊन आडवी झाली होती. तिचे तळवे माझ्याकडं होते. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, त्यात माती बसून काळ्या झालेल्या. एका बोटाला लुगड्याची चिंधी बांधलेली, ती पिवळी पडलेली. माझ्या पायाचं दिवसातून दोनदा ड्रेसिंग व्हायचं. तिचे पाय त्या दवाखान्यात कुणी बघितले नव्हते.

मी तिला हाक मारली. ती उठून बसली. मी म्हणालो, "मी वढतूय."

"काय?"

"सिगारेट. धा म्हैनं झालं."

तिनं पदर सारखा केला. मग तिनं विचारलं, "आन् बेलभंडारा?"

"त्यो बिडीचा उचलला हुता."

मला वाटलं ती ओरडेल, रडेल, निदान शेजारच्या खाटेवरचा माणूस ऐकतोय म्हणून मला गप्प तरी करेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. ती म्हणाली, "म्हंजी देवाला तुमी फशिवलं न्हाय. मलाच फशिवलं." आणि मग खाली बघून, "माज्या पायाकडं बगत बी तुमी वढत हुता?"

"व्हय," मी म्हणालो.

दहा महिन्यांत मी कुणाला सरळ खरं उत्तर दिलं असेल तर ते एवढंच. सुभद्रा उठली. म्हणाली, डॉक्टरला तुमचं तुमी सांगा, मी सांगणार नाही. आणि बाहेर गेली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या पायात भावजयीच्या चपला होत्या. त्या बघून मला रडू आलं. माझा पाय राहतो का जातो याच्याशी तिनं आपलं नातं तोडलं होतं, असं मला वाटलं.

गोळी

कुबड्या घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानंच सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे मला फाल्गुनात सांगितलं असतं तर दुसरं बोट वाचवायचा प्रयत्न करता आला असता." मग म्हणाले, बसा. ऑपरेशन अर्ध्या पावलाचंच करू. गुडघ्याचं आता तुमच्यावर आहे.

पाऊल गेलं. त्यानंतर त्यांनी मला एक गोळी लिहून दिली. ती मुळात मन खचलेल्या माणसांना देतात, पण तिनं तलफ जरा बोथट होते, असं त्यांनी समजावलं. जादू नाही, म्हणाले, धार कमी होईल, बाकीचं तुम्हाला आणि बैठकीला करायचं आहे. थोडी सुरू करून हळूहळू वाढवली, दर आठवड्याला मला बघून. कुणी माझं वाचून परस्पर गोळी घेऊ नका. माझा पाय, माझं वय, माझं मन बघून त्यांनी ती दिली होती. तुमचं तुमच्या डॉक्टरनं बघावं.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली तर तिथल्या माणसानं गोळीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. "येड्याच्या गोळ्या कुणाला?" त्यानं हळूच विचारलं. मी म्हणालो, आमच्या म्हाताऱ्याला. खोटं बोलायची सवय सिगारेटीपेक्षा चिवट असते. घरी येऊन सुभद्राला मी हे सांगितलं, आपणहून. तिनं गोळ्यांची पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःजवळ ठेवली. संध्याकाळी भाकरीबरोबर ताटात एक गोळी असायची. ती बोलायची नाही, पण गोळी विसरायची नाही.

गोळीनं तोंड कोरडं पडायचं. पोट साफ व्हायचं नाही. सकाळी उठावंसं वाटायचं नाही, दुपारी पेंग यायची. पण साधारण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ट्रकवाला माझ्यापुढं ओढत उभा होता आणि माझ्या लक्षात आलं, की आपण मघापासून नट आवळतोय आणि धुराकडं आपलं ध्यानच नाही. एवढंच. पाच मिनिटांची गोष्ट असेल. तेवढी पाच मिनिटं मला वीस वर्षांत मिळाली नव्हती.

हॉर्न

गोळीपेक्षा बैठक अवघड गेली. बाजारच्या दिवशी मेव्हण्यानं मला जळोचीवरून सायकलवर बसवून आणलं. व्हरांड्यात सगळे होते. हमीदभाईंनी माझ्यासाठी खुर्ची सरकवली, पायाखाली स्टूल दिलं. मी सांगायला लागलो. सिगारेट, कॉम्प्रेसर, बडीशेप, सगळं. ज्या दुपारी ते रडले त्या दुपारचंही सांगितलं. त्यांच्याकडं बघून सांगायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही, जमिनीकडं बघत बोललो. माझं झालं तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हमीदभाई उठून गेले होते.

पुढच्या बैठकीला ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याला आले आणि माझ्यापासून लांब बसले. आपली पाळी आली तेव्हा म्हणाले, "ह्या मानसाच्या खोट्यावर माजी सुटली. आता ती काय परत धरायची? न्हाय धरणार." मग माझ्याकडं वळले. "पर बापू, तुज्या शपतेवर माजा भरवसा न्हाय. शपत खायाची न्हाय. जाता-येता इचारीन, त्येवडं सांगायचं."

आणि त्यांनी विचारलं. त्यांचा ट्रक माझ्या दुकानावरून एक दिवसाआड जायचा. लांबूनच दोन हॉर्न द्यायचे. मागच्या हॉर्नपासून ओढली नसेल तर मी बाहेर येऊन हात वर करायचा. ओढली असेल तर जागचं हलायचं नाही. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, जुनी ओळख आहे.

दोनदा मी हललो नाही. पहिल्यांदा भावाशी वाटणीवरून बोलाचाली झाली त्या दिवशी, दुसऱ्यांदा कारणच नव्हतं. दोन्ही वेळा हॉर्न ऐकून मी टायरवर बसून राहिलो. हात वर केला असता तर त्यांना काय कळलं असतं? ट्रक थांबला, बाजूला लागला, हमीदभाई धापा टाकत उतरले आणि शेजारी येऊन बसले. रागावले नाहीत. कितव्या वाजता ओढली, आधी काय झालं होतं, जवळ कोण होतं, एवढं विचारलं. चहा मागवला. अर्धा तास बसले. त्यांना पुण्याला पोचायला उशीर झाला असणार, पण त्यांनी तसं काही दाखवलं नाही.

गोळी सात महिने चालली, मग डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. पाय तिथंच थांबला. उजव्याला काही झालं नाही. हमीदभाईंचे हॉर्न पुढं चार वर्षं चालू होते, ते ट्रकवरून उतरेपर्यंत. आता ते नाहीत. धापेनंच गेले, पण बिडीला परत शिवले नाहीत. त्यांच्या मातीला मी गेलो होतो. त्यांच्या पोरानं मला ओळखलं आणि म्हणाला, अब्बा तुमचं लई नाव काढायचे. मला खाली बघावं लागलं.

शर्ट

घरी माझं कुणी काही काढत नाही. भावकीत तात्यांना हे कधी कळलं नाही. पोरं मोठी झाली, सून आली. सुभद्रानं एकदाही मला त्या वर्षावरून टोमणा मारला नाही.

फक्त मी दुकानातून आलो की शर्ट खुंटीला लावतो, आणि ती धुवायला नेताना तो नाकाशी धरते. आधी खिसा, मग दोन्ही बाह्या. तेव्हा सोल्युशनच्या वासानं तिला चकवलं होतं, आता ती त्या वासातून पलीकडचं हुंगायला शिकलीय. सुरुवातीची वर्षं मी ते बघून न बघितल्यासारखं केलं. मला वाटायचं, हिचा हक्कच आहे. पण वीस-पंचवीस वर्षं झाली तरी ते थांबलं नाही. सून समोर असली तर ती पाठ फिरवून हुंगते.

मागच्या महिन्यात मला राहवलं नाही. म्हणालो, आता तरी विश्वास ठेव की.

ती चिडली नाही. शर्ट हातात तसाच होता. म्हणाली, "इस्वास हाय वो. पर हात आपसूक नाकाकडं जातूय. तुमची सुटली. माजं ह्ये काय सुटंना."

तिनं शर्ट बादलीत टाकला आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी शर्ट खुंटीला लावला नाही. काढून तिच्या हातात दिला आणि ती हुंगेपर्यंत समोर उभा राहिलो.